डोंगरपट्टी

बोरखडीत पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळे, मग चहा, चहावर तांब्याभर ताक, आणि तासाभरानं घरातलं कुणीतरी वडीलधारं अगदी सहज विचारी, "जाऊन येताय न्हवं?" नवख्या पाहुण्याला वाटे, आपल्याला वाटेला लावताहेत. जाणता पाहुणा मात्र निमूट उठून परसातल्या पांढऱ्या खोलीत जाऊन येई. गावाचा पाहुणचार घ्यायचा आणि तसंच पुढच्या गावाला निघून जायचं, याला बोरखडीत कृतघ्नपणा म्हणत. कारण त्या पांढऱ्या खोलीतून जे खाली जाई, त्यावर गावाचा डोंगर वाढत होता.

हसू आलं तर हसून घ्यावं. गावही पहिल्यांदा पोट धरून हसलं होतं.

गावाच्या उत्तरेला पूर्वी भिवाईचा डोंगर होता. गंगव्वा अलकुंटे लग्न होऊन आली तेव्हा तो पुरता उभा होता. गंगव्वा आणि तिचा नवरा दुर्गप्पा वडार समाजाचे. दगड फोडायचा आणि पोट भरायचं, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गंगव्वाचं सगळं बालपण पालात गेलं. एक खाण संपली की पाल गुंडाळायचं, दुसऱ्या खाणीवर उभं करायचं. बोरखडीला कंपनीची मोठी खाण निघाली, क्रशर बसला, काम बारमाही झालं, आणि वडारांनी खाणीच्या काठावर पहिल्यांदाच पक्की घरं बांधली. गंगव्वाच्या घराला उंबरा होता. उंबरा असलेल्या घरात ती आयुष्यात पहिल्यांदा राहत होती. रोज सकाळी ती त्याला हळदीकुंकू वाही, आणि दुर्गप्पा तिला चिडवी, "एवढी पूजा माझी कर की."

कंपनीनं डोंगराचे रस्ते केले, पूल केले, शहरातले मनोरे केले. डोंगर संपला तशी खाण जमिनीखाली गेली, आणि डोंगराच्या जागी तेवढाच मोठा खड्डा झाला. मग कंपनी बुडाली.

पुनर्भरणाचा कायदा खाण निघाली तेव्हापासूनच होता. ज्यानं खाण काढली त्यानं ती बुजवून जमीन होती तशी करायची, आणि त्या खर्चाची अनामत रक्कम खाण सुरू करतानाच सरकारकडे ठेवायची, असा तो कायदा. कंपनीची अनामत होती, पण ती जुन्या दरांनी भरलेली. क्रशरभोवती साठलेला चुरा आणि मुरूम खड्ड्यात परत लोटायला ती जेमतेम पुरणार होती. पण नुसता चुरा लोटून भागत नाही. त्याला अडवून धरणारी भिंत लागते, आणि एवढ्या भिंतीच्या सिमेंटचा आकडा ऐकून जिल्ह्याचा अधिकारी खुर्चीत मागे टेकून बसला होता. दर पावसाळ्यात खाणीचा काठ थोडा थोडा ढासळत वस्तीकडे सरकत होता. भिंत उभी राहिली नाही तर वस्ती उठवून दूरच्या वसाहतीत हलवायची, असं ठरलं. गंगव्वानं ते ऐकलं आणि दोन दिवस ती जेवली नाही. पुन्हा पाल गुंडाळायचं तिच्या जिवावर आलं होतं.

अशा वेळी विद्यापीठातून डॉ. सुलक्षणा हुपरीकर आल्या. त्यांच्या हातात एक काचेची बरणी होती आणि बरणीत गढूळ पाणी.

शाळेच्या पटांगणात गाव जमलं. डॉक्टरांनी गंगव्वाला विचारलं, "मावशी, दही कसं लावता?"

"इरजण घालून."

"बरणीत तेच आहे. दगडाचं विरजण."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मातीत काही जंतू असे असतात की ते युरिया खातात. खाल्लेल्या युरियातला कार्बन ते बाहेर टाकतात, आणि शेजारी चुना असला तर कार्बनाची आणि चुन्याची गाठ पडून दगड तयार होतो. दोन खड्यांच्या मधल्या फटीत तो तयार झाला की खडे एकमेकांना चिकटतात, आणि काही आठवड्यांत सुटा चुरा फोडता येणार नाही इतका घट्ट होतो. निसर्गात हे हळू चालतं. डॉक्टरांनी बारा वर्षं खपून जी जात वाढवली होती ती हे काम भराभर करी. सगळा डोंगर चिकटवायची गरजच नव्हती. बाहेरचं कवच, म्हणजे जाड भिंत, तेवढी विरजणानं लावायची आणि तिच्या आत चुरा भरत जायचा.

"चुना साखर कारखान्याच्या टाकाऊ गाळातून मिळेल," डॉक्टर म्हणाल्या. "राहिला युरिया."

"खताच्या दुकानात लई," हणमंत पिटेकर म्हणाला. तो गंगव्वाचा शेजारी, आणि गावात पहिली शंका नेहमी त्याची.

"तो परवडणार नाही. पण प्रत्येक माणूस तो रोज तयार करतो. आणि..." डॉक्टर जरा अडखळल्या. शिकलेल्या माणसाची ही एक अडचण असते. "आणि रोज टाकून देतो."

हणमंताच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हंजे मॅडम, आमी डोंगरावर मुतायचं?"

"डोंगरावर नाही. पाइपात."

त्यानंतर बराच वेळ सभा चालू शकली नाही. पण हसून झाल्यावर लोकांनी हिशेब केला, आणि त्यात खोट सापडेना. घराघराच्या मागे पांढऱ्या खोल्या झाल्या. प्रत्येक आळीचा पाइप वेगळा, आणि तो भिंतीच्या ज्या पट्ट्यावर सोडला तो पट्टा त्या आळीचा. घरपट्टी, पाणीपट्टी तशी ही डोंगरपट्टी. गंगव्वा डोंगर समितीची अध्यक्ष झाली. ग्रामपंचायतीच्या बाकी सगळ्या पट्ट्या थकल्या, ही एक तेवढी कधी थकली नाही.

भिंत वर्षाला पुरुषभर चढे. सगळ्यात जास्त हौस दुर्गप्पाला. ज्या हातांनी डोंगर खाली आणला त्याच माणसाला तो परत वर चढताना बघायला मिळत होता. तो रोज संध्याकाळी वस्तीच्या पट्ट्यापाशी जाई, ओल्या थरावर बोटानं टकटक करी आणि घरी येऊन सांगे, "धरलाय गं." त्याच्या छातीत दगडाची धूळ बसली होती. चौथा थर धरला त्या वर्षी तो गेला. गंगव्वा फार रडली, आणि मग समितीच्या कामाला लागली, कारण घरात बसवेना.

भिंत काठाला टेकायला आली आणि सरकारी तपासणी तीन वर्षांवर आली. भिंत तपासणीत पास झाली तरच वस्ती राहणार होती. तयारी म्हणून डॉक्टरांनी भिंतीला वरून खोल छिद्र पाडलं आणि मनगटाएवढ्या जाडीचा लांबच लांब नमुना काढून पत्र्याच्या पन्हळीत आडवा ठेवला. दरवर्षीचा थर करडा आणि कडक होता. पण दर थरात बोटभर रुंदीची एक पांढरट रेघ होती, आणि तिथे नख लावलं की खडूसारखी भुकटी पडे.

"भिंत सरकली तर या रेघांवरून सरकेल," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी गंगव्वापासून काही लपवलं नाही. "आणि तुमची घरं तिच्याच डोक्यावर आहेत."

"कशानं पडती ही?"

"पावसानं असेल."

त्या पावसाळ्यात भिंतीवर ताडपत्र्या घातल्या. रेघ पडलीच. वारा लागून गारवा होत असेल म्हणून पुढच्या पावसाळ्यात पोती गुंडाळली. तरी रेघ पडली. डॉक्टरांनी जंतू तपासले, चुना तपासला, पाइप धुवून घेतले. त्या चिडचिड्या झाल्या. इतक्या वर्षांचं काम एका रेघेनं मातीत जाणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे गंगव्वा रोज भेटे आणि काही विचारत नसे.

आषाढ संपत आला होता. गंगव्वानं त्यांना जेवायला बोलावलं. ताटात ज्वारीची भाकरी, मटणाचा लालभडक रस्सा, वर तळलेली कलेजी. वाढणं थांबेचना.

"पुरे, मावशी."

"खावा वो. परवा दिव्याची आवस. मग म्हैनाभर बंद."

"बंद म्हणजे?"

"मटान, मासं, अंडी. सगळा गाव श्रावण पाळतो. एकभुक्त ऱ्हायचं. सोमवार, शनवार निस्ता साबुदाना."

डॉक्टरांचा घास हातात राहिला. "सगळा गाव?"

"पयलं निम्मं पाळायची. भिंतीचं काम निघालं तसा आमी भिवाईला नवस बोललो. डोंगर उभा ऱ्हाऊ दे, तवर पोराटोरांसकट कडक श्रावण करू म्हून. त्येच्यात कुनी चुकत न्हाई, मी सोता बगते."

डॉक्टर आधी हसल्या, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रश्शाच्या तिखटाचं नव्हतं. युरिया होतो तो खाल्लेल्या प्रथिनांपासून. मटण, अंडी, डाळी पोटात गेल्या की त्यातला वापरून उरलेला भाग युरिया होऊन बाहेर पडतो. आषाढात गाव पोटभर खाई तेव्हा जंतूंची चंगळ असे. श्रावणात अख्खं गाव एकदम एकवेळ जेवू लागे आणि पाइपातून जवळजवळ पाणी वाहे.

"मावशी," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही डोंगरासाठी उपास करता, आणि उपाशी डोंगर राहतो."

दुसऱ्या दिवशी समिती बसली. रेघ कशाची ते कळलं म्हणून अर्धा जीव भांड्यात पडला होता. उरलेला अर्धा भांडणात होता.

"म्हंजे श्रावणात मटान खायाचं?" हणमंत म्हणाला. "आनि बोललेला नवस? आपन खायाचं आनि देवीनं बगायचं?"

"डाळ खा, दूध प्या," डॉक्टर म्हणाल्या. "पण दोन्ही वेळा जेवा."

"एकभुक्त म्हंजे एकभुक्त."

कुणीच मागे हटेना. शेवटी गंगव्वा वैतागून म्हणाली, "मग डोंगरालाबी धरू द्या की उपास आमच्यासंगं."

लोक हसले. डॉक्टरही हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. हे जंतू पुरते उपाशी पडले की मरत नाहीत. अंगाभोवती टणक कोष करून निजतात, आणि खाणं मिळालं की महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा जागे होतात. घोटाळा अर्धपोटी ठेवल्यानं होत होता. अर्धपोटी जंतू काम करत राहात आणि ते कच्चं होई. आषाढाचं भरपेट खाणं देऊन पाइपांच्या झडपा पूर्ण बंद केल्या तर थर कडक होऊन संपेल, विरजण निजेल, आणि गणपतीला झडपा उघडल्या की पुन्हा उठेल.

"धरू दे," डॉक्टर म्हणाल्या. "कडक."

त्या वर्षी बोरखडीच्या डोंगरानं श्रावण पाळला. रेघ पडली नाही.

राहिल्या जुन्या रेघा. त्यांच्यासाठी भिंतीत वरून खालपर्यंत जागोजाग छिद्रं पाडली आणि त्यात चुरा आणि विरजण भरून, गोधडीला घालतात तसे, सगळ्या थरांना आरपार टाके घातले. त्या टाक्यांना दणकट डोंगरपट्टी हवी होती. दसरा झाला आणि गावानं कंबर कसली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून, सरकारी तपासणीत पास होण्यासाठी रोज मटण आणि हरभरे खाणारं ते महाराष्ट्रातलं बहुधा पहिलंच गाव. हणमंताचं वजन वाढलं, आणि त्यानं ते राष्ट्रकार्य म्हणून सांगितलं.

तपासणीला अधिकारी आले. त्यांनी यंत्रांनी भिंतीला धक्के दिले, पाणी सोडलं, कागदावर आकडे मांडले. भिंत हलली नाही. दुपारी प्रमाणपत्रावर सही झाली. गंगव्वा ते हातात घेऊन घरी आली, उंबऱ्यावर बसली, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि मोकळं रडली. आता कुठे जायचं नव्हतं. वस्तीतल्या सगळ्या चुली त्या संध्याकाळी एकाच वेळी पेटल्या आणि खूप वर्षांनी बायका दारात बसून उगाचच्या गप्पा मारत राहिल्या.

निरोप घ्यायला डॉक्टर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक वीतभर दगड होता, गोल, करडा, मुसळाच्या तुकड्याएवढा. टाक्यांसाठी छिद्रं पाडताना निघालेल्या नमुन्यांतला.

"हा तुमच्या वस्तीच्या पट्ट्यातला," त्या म्हणाल्या. "चौथा थर. तुम्हाला द्यावासा वाटला."

गंगव्वानं तो दोन्ही हातांत घेतला.

"मावशी, यात जो कार्बन आहे तो माणसांच्या अंगातून आलाय. भाकरीतून अंगात, अंगातून दगडात."

"म्हंजे ह्यात आमचं धनी हायती?"

डॉक्टर शास्त्रज्ञ होत्या, खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "वस्तीतले सगळेच थोडे थोडे आहेत. त्यात तेही आहेत."

गंगव्वाला त्यातलं दुसरं वाक्य तेवढं ऐकू आलं. तिनं दगड छातीशी धरला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. डॉक्टरांना बरं वाटलं. एवढ्या वर्षांच्या कामात इतकं सरळ सुख त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी भिंतीच्या खालच्या अंगाला छिन्नीचा आवाज आला. गंगव्वा धावत उतरली. हणमंत दुसऱ्या थरापाशी उकिडवा बसून ठोकत होता. दुसऱ्या थराच्या वर्षी त्याची आई वारली होती.

"काय लावलंयस? भिंत हाय ती."

हणमंतानं वळून पाहिलं. "तुज्या देव्हाऱ्यात काय हाय, अक्का?"

हणमंतानं मूठभर तुकडा काढला, कपाळाला लावला, धोतराच्या सोग्यात बांधला आणि तो घरी गेला. आठवडाभरानं आणखी दोघं आली. मग बायका आल्या. वडारांच्या घरात छिन्नी-हातोडा शोधावा लागत नाही.

गंगव्वानं डॉक्टरांना फोन केला. "मॅडम, काढलेली जागा परत भरती का?"

भरत होती. चुरा दाबायचा, विरजण शिंपडायचं, पट्टी चालू ठेवायची. झडपा खरं तर आता कायमच्या बंद व्हायच्या होत्या. त्या उघड्या राहिल्या, आणि कुणाचीच तक्रार नव्हती. मेलेलं माणूस बाहेर येई आणि त्याच्या जागी जिवंत माणसं आत जात. डोंगर तेवढाच्या तेवढा राही. डॉक्टरांनी गणित मांडून पाहिलं, ते बसत होतं. त्या निर्धास्त झाल्या.

पाच-सहा वर्षांनी, मार्गशीर्षात, त्या सहज तपासायला आल्या. भिंतीच्या पायथ्याची भरलेली जागा त्यांनी अंगठ्यानं दाबली. अंगठा आत गेला. शेजारची दाबली. तीही तशीच. त्यांनी नमुने काढले. बोटभर रेघ नव्हती, वरपासून खालपर्यंत सगळाच तुकडा खडूसारखा होता. जणू गावाला वर्षभर श्रावणच होता.

त्या तशाच गंगव्वाकडे आल्या. गंगव्वा वाळली होती, पण चेहरा समाधानी होता. तिनं त्यांना चहा दिला, शेंगदाण्याचा लाडू दिला.

"तुम्ही?"

"माजा उपास हाय."

"आज बुधवार. बुधवारचा कसला उपास?"

"असाच."

डॉक्टरांनी नमुना पुढे धरला. गंगव्वानं तो ओळखल्यासारखा पाहिला. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"धन्यांचा दगुड लई कडक हुता," ती म्हणाली. "तुमच्या मशीननं काढला म्हून निघाला. माजी ल्येक समृद्धी ब्यांकेत नोकरीला असती. तिनं जल्मात छिन्नी धरली न्हाई. मी गेल्यावर तिला मी निघाया पायजे ना. तिच्या हाताला येईल असं कच्चं ठेवतीया."

"मावशी, हे घर त्याच भिंतीवर उभं आहे. हा उंबरा त्याच भिंतीवर आहे."

गंगव्वानं हात लांब करून उंबऱ्यावर ठेवला. त्यावर त्या दिवशीचं हळदीकुंकू होतं.

"ठावं हाय. मी हाय तवर पुरंल. तिला उंबरा नगं, मॅडम, तिचा फ्लॅट हाय. तिला आई पायजे."

डॉक्टर दाराबाहेर बघू लागल्या. दुपारची जेवणवेळ होती आणि वस्तीतल्या एकाही घरातून फोडणीचा वास येत नव्हता.

"आणि बाकीचे?"

"त्यास्नीबी पोरं हायत की," गंगव्वा म्हणाली, आणि तिनं त्यांच्यापुढे आणखी एक लाडू ठेवला.